वाचकाला दोष देण्याआधी यंत्राची गेटपर्यंत परीक्षा घ्या

प्रति,
सार्वजनिक ग्रंथालयांच्या व्यवस्थापन समित्या, ग्रंथपाल आणि यंत्रखरेदीवर सही करणारे सर्व संबंधित

विषय : स्वयंसेवा देवघेव यंत्रांची मांडणी, जोडणी आणि देखभाल

महोदय / महोदया,

ग्रंथालयांत स्वयंसेवा देवघेव यंत्रे बसवणारी, ती ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीला जोडणारी आणि देवघेवीच्या काउंटरवरून त्यांच्याकडे लक्ष ठेवणारी आम्ही माणसे. यंत्र बसले की थोड्याच दिवसांत दोन वाक्ये ऐकू येऊ लागतात : "लोकांना वापरता येत नाही" आणि "यंत्रच बेकार निघाले". बहुतेक वेळा दोन्ही चुकीची असतात. पुस्तकात टॅग (लहरींनी वाचली जाणारी चिपची चिकटपट्टी) कुठे चिकटवला, पडद्यावर हिरवी खूण केव्हा उमटते, नकार कोणत्या शब्दांत दिला जातो, हे सारे वाचक यंत्रापाशी पोहोचण्याआधीच ठरलेले असते आणि गोंधळाचे मूळ तिथे असते. हे ठरवणे आपल्या हातात आहे. त्यातले बरेचसे बिनखर्चाचे आहे. फक्त ते काउंटरवरचा माणूस कमी करण्याआधी ठरवायला हवे.

सर्वांत जास्त तक्रारी ज्या एका गोष्टीतून येतात तिच्यापासून सुरुवात करतो. वाचक कार्ड दाखवतो, पिन टाकतो, पुस्तके पॅडवर, म्हणजे यंत्राच्या वाचनफळीवर, ठेवतो, शीर्षके दिसतात, पावती निघते. बाहेरून हे एकच काम वाटते. आत मात्र दोन वेगळी कामे होतात.

पहिले काम नोंदीचे. पॅडखालचा अँटेना १३.५६ मेगाहर्ट्झ लहरींतून टॅगला ऊर्जा पुरवतो, टॅग आपल्यातला पुस्तक क्रमांक सांगतो आणि यंत्र तो सभासद क्रमांकासह सर्व्हरकडे पाठवते. ही देवाणघेवाण बहुतेक ठिकाणी एसआयपी-२ या ठरीव संदेशपद्धतीने चालते. "हे पुस्तक या सभासदाला देऊ का?" असे विचारणारा संदेश ११ क्रमांकाचा आणि त्याचे उत्तर १२ क्रमांकाचे. उत्तरात संदेशक्रमांकानंतरचा पहिला आकडा १ असेल तर होकार, ० असेल तर नकार.

दुसरे काम टॅगवरचे. होकार आला की यंत्राला त्याच टॅगकडे परत जाऊन सुरक्षेची खूण बदलावी लागते. आयएसओ २८५६० या ग्रंथालयीन मानकाप्रमाणे टॅगमधल्या एएफआय नावाच्या एका बाइटमध्ये ही खूण असते. पुस्तक ग्रंथालयात असताना तिचे षोडशमान मूल्य ०७ आणि बाहेर दिल्यावर सी२. काही ठिकाणी एएफआयऐवजी चिपमधला ईएएस हा एक बिट चालू-बंद करतात. न नोंदलेले पुस्तक बाहेर जाताना वाजणारे दारातले गेट हीच खूण पाहते. बहुतेक रचनांत ते सर्व्हरला काहीही विचारत नाही, त्यामुळे वाचकाच्या हातात पावती असली तरी गेटच्या लेखी तिला किंमत नसते.

आता गडबड कुठे होते ते पाहा. नोंद झाल्या क्षणी पडद्यावर शीर्षक उमटते. वाचक ते वाचतो, काम झाले असे समजतो आणि पुस्तके उचलतो. यंत्र त्या वेळी तिसऱ्या पुस्तकाचा टॅग लिहीत असते. चौथे आणि पाचवे पुस्तक पॅडच्या कक्षेबाहेर गेलेले असते. दोघांची नोंद झाली, खूण बदलली नाही. गेट वाजते, सगळ्यांच्या माना वळतात आणि नियमाप्रमाणे पुस्तक घेतलेला माणूस चोरासारखा उभा राहतो. त्याने काहीच चुकवलेले नसते. पडद्याने त्याला वेळेआधी हिरवा कंदील दाखवलेला असतो.

म्हणून पुरवठादाराकडून एक गोष्ट लेखी घ्या : हिरवी खूण टॅगवर नवी खूण लिहून ती परत वाचून खात्री झाल्यावरच उमटेल. तोपर्यंत त्या शीर्षकाशेजारी "पुस्तक हलवू नका" एवढेच दिसेल. लिहिणे फसले तर यंत्राने त्या पुस्तकाचे नाव घेऊन ते पुन्हा पॅडवर ठेवायला सांगावे आणि ठरावीक वेळेत ते परत ठेवले गेले नाही तर झालेली नोंद रद्द करावी. रद्द करण्यासाठी एसआयपी-२ मध्ये बीआय नावाचे क्षेत्र आहे. ते आपल्या प्रणालीत चालते का, हे यंत्र बसवतानाच पाहून घ्या, कारण सगळ्या प्रणाल्या ते मानत नाहीत. आपली प्रणाली मानत नसेल तर रद्द करण्याऐवजी काउंटरवरच्या पडद्यावर सूचना यायला हवी.

परतीच्या वेळी हीच चूक उलट दिशेने होते आणि ती जास्त महाग पडते. सभासदाच्या खात्यातून पुस्तक उतरते, पण टॅग "बाहेर दिलेले" याच अवस्थेत राहतो. असे पुस्तक कोणीही गेटमधून नेऊ शकते आणि गेट गप्प राहते. आवाज होत नाही म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. पुस्तकगणतीच्या वेळी हातवाचकाने (हातात धरून टॅग वाचण्याच्या उपकरणाने) कपाटे तपासताना क्रमांकासोबत एएफआयही वाचून घेतला तर अशी पुस्तके सापडतात. बहुतेक हातवाचकांत ही सोय असते, फक्त कोणी ती चालू केलेली नसते.

तिसरा प्रकार जाळ्यातल्या दिरंगाईचा. यंत्राने ११ क्रमांकाचा संदेश पाठवला, सर्व्हरने नोंद केली, पण उत्तर वेळेत पोहोचले नाही. यंत्र "व्यवहार अयशस्वी" म्हणते, वाचक पुस्तक तिथेच ठेवून निघून जातो आणि पुढे त्याच्या नावावर विलंबशुल्क चढते. यंत्राने किती वेळ थांबायचे आणि किती वेळा पुन्हा विचारायचे, हे सर्व्हर स्वतः ९८ क्रमांकाच्या संदेशात कळवतो. वेळ सेकंदाच्या दशांशात, तीन आकड्यांत असते, म्हणजे १०० याचा अर्थ दहा सेकंद. ही किंमत मूळच्या सेटिंगवर पडून राहिलेली आम्हाला पुष्कळदा दिसते. सर्व्हर दूरच्या इमारतीत असेल तर ती वाढवायला सांगा, आणि अयशस्वी व्यवहारानंतर यंत्राने सभासदाचे खाते पुन्हा तपासूनच पडद्यावर निकाल दाखवावा असा आग्रह धरा.

यानंतरचा मोठा विषय टॅगच्या जागेचा. हे काम यंत्र येण्याच्या कितीतरी आधी होते, बहुधा रोजंदारीवर, आणि त्याचे परिणाम पुढची अनेक वर्षे भोगावे लागतात. टॅग म्हणजे एक बारीक चिप आणि तिच्याभोवती गुंडाळलेली सपाट तार. ही तार १३.५६ मेगाहर्ट्झच्या आसपास जुळवलेली असते. दोन टॅग एकमेकांवर अगदी चिकटून आले की दोन्ही तारांचे गुंडाळे एकमेकांवर परिणाम करतात, दोघांची जुळणी सरकते आणि दोघांनाही पुरेशी ऊर्जा मिळत नाही. जाड कादंबऱ्यांच्या थप्पीत हे होत नाही, कारण मधल्या पानांमुळे टॅगांत अंतर राहते. मुलांची पातळ पुस्तके, मासिके, पुस्तिका यांची थप्पी मात्र हमखास चुकते. सगळ्यांचा टॅग मलपृष्ठाच्या आत, नेमक्या मध्यभागी, पट्टीने मोजून लावलेला असेल तर मग पाहायलाच नको. या एका कामात नीटनेटकेपणा नडतो.

टॅग मलपृष्ठाच्या आत, कण्याजवळ लावा, पण उंची बदलत ठेवा : एका पुस्तकात खालच्या भागात, दुसऱ्यात मध्ये, तिसऱ्यात वर. टॅग लावणाऱ्यांना तीन जागांचे पुठ्ठ्याचे साचे द्या आणि ते आळीपाळीने वापरायला सांगा. एकाच मालिकेतली पातळ पुस्तके एकाच बैठकीत टॅग होत असतील तर साचा दर पुस्तकाला बदललाच पाहिजे, कारण मुले ती एकत्रच नेतात. चकाकत्या धातूच्या वर्खाचे मुखपृष्ठ असेल तर त्याच्या पाठीमागे टॅग लावू नका. धातूचा थर लहरी अडवतो आणि जुळणीही बिघडवतो. अशा पुस्तकाचा टॅग आतल्या पानावर, वर्खापासून दूर घ्यावा लागतो. स्टेपलच्या पिनांनी काही बिघडत नाही. तबकड्यांवर मात्र धातूचाच थर असतो. त्यांच्यासाठी मधल्या भोकाभोवती बसणारे गोल टॅग मिळतात, तरी त्यांचे वाचन पुस्तकाइतके भरवशाचे नसते.

यंत्राला एक गोष्ट कधीच कळू शकत नाही : जो टॅग वाचला गेला नाही तो तिथे आहे, हे. पाच पुस्तके ठेवली आणि चार वाचली गेली, तर यंत्राच्या दृष्टीने चारच पुस्तके आहेत. हे वाचकालाच पडताळावे लागते, आणि त्याने ते करावे म्हणून पडद्याने त्याला विचारले पाहिजे. "४ पुस्तके वाचली. तुम्ही किती ठेवलीत?" असा प्रश्न, खाली मोठ्या आकड्यांची बटणे. आकडा जुळला नाही तर "पुस्तके जरा पसरून ठेवा". दर व्यवहारात दोन-तीन सेकंद जास्त जातात, पण गेटवरचे कितीतरी वाद मिटतात. पुरवठादार म्हणतील की याची गरज नाही, आमचे पॅड एका वेळी अमुक इतकी पुस्तके वाचते. त्यांच्या प्रात्यक्षिकातली पुस्तके जाड असतात. आपली पातळ पुस्तके घेऊन जा.

पॅडची कक्षा हवी त्याहून मोठी असणे हाही दोषच. शेजारी टेकवलेली पिशवी, आधीच्या वाचकाने बाजूला ठेवलेले पुस्तक, परतीच्या गाड्यावरची थप्पी यांतले एखादे पुस्तक भलत्याच्या नावावर चढते. त्यासाठी पॅडच्या बाजूंना आणि खाली आवरण असलेला अँटेना मागा आणि वाचनाची ताकद गरजेपुरतीच ठेवा. पॅड पोलादी टेबलावर थेट बसवले तर उलटा त्रास होतो, कक्षाच आक्रसते. टेबल लाकडी असलेले बरे. धातूचे असेल तर मध्ये पुरवठादाराने सांगितलेला अंतरथर घालायलाच हवा. दोन यंत्रे पाठीला पाठ लावून ठेवायची हौस वास्तुविशारदांना फार असते. तसे करण्याआधी एका पॅडवर पुस्तक ठेवून दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर ते दिसते का, हे स्वतः पाहा.

टॅगच्या आत काय लिहिले आहे, हा वेगळाच पैलू. आयएसओ २८५६० हे मानक प्रथम २०११ साली आले. त्याच्या भाग २ आणि भाग ३ यांत माहिती टॅगवर लिहिण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. टॅग एका पद्धतीने लिहिले आणि यंत्र दुसरीची अपेक्षा धरून बसले तर क्रमांकाऐवजी अर्थहीन अक्षरे येतात. टॅगचा पुरवठादार आणि यंत्राचा पुरवठादार वेगळे असतील तर दोघांच्या करारांत भागाचा क्रमांक स्पष्ट लिहा. टॅगमधला क्रमांक आणि प्रणालीतला दाखल क्रमांक अक्षरशः एकच हवा. पुस्तकांची यादी स्प्रेडशीटमधून नेली की सुरुवातीची शून्ये गळतात आणि ००४५१२ चे ४५१२ होते. माणसाला दोन्ही सारखेच, यंत्राला नाहीत. दुसऱ्या ग्रंथालयाकडून आलेल्या किंवा टॅगसकट खरेदी केलेल्या पुस्तकात जुना टॅग राहिलेला असतो. त्यावर आपला लावला की एकाच पुस्तकातून दोन क्रमांक येतात आणि पडद्यावर "अनोळखी पुस्तक" झळकते. जुना काढा, किंवा निघत नसेल तर चिपवरून कात्री चालवा. टॅगमध्ये वाचकाचे नाव वा क्रमांक कधीही लिहायचा नाही, हे सांगायची गरज पडू नये, तरी सांगतो.

जिथे टॅग नाहीत, नुसते बारकोड आहेत, तिथली पहिली तक्रार ठरलेली : "स्कॅन होतो पण पुस्तक सापडत नाही." वाचकाने मलपृष्ठावरचा छापील बारकोड दाखवलेला असतो. तो आयएसबीएनचा १३ आकडी बारकोड, ९७८ किंवा ९७९ ने सुरू होणारा. त्यावरून पुस्तकाची आवृत्ती कळते, आपल्या कपाटातली नेमकी प्रत कळत नाही. वाचकाला दोन बारकोडांतला फरक माहीत असण्याचे काहीच कारण नाही. यंत्राला एवढेच शिकवा की १३ आकडी आणि ९७८ वा ९७९ ने सुरू होणारा क्रमांक आला तर सर्व्हरकडे पाठवू नये, चित्रासह सांगावे : "हा प्रकाशकाचा बारकोड आहे. ग्रंथालयाचा बारकोड इथे पाहा." आणि ग्रंथालयाचा बारकोड सगळ्या पुस्तकांवर एकाच ठिकाणी लावा. टॅगच्या बाबतीत जे टाळायचे ते बारकोडच्या बाबतीत पाळायचे. सभासद मोबाइलवर कार्ड दाखवणार असतील तर जुना लेसर स्कॅनर चालत नाही, चित्र टिपणारा स्कॅनर लागतो. लेसरला कागदावरून उलटणारा प्रकाश हवा असतो, मोबाइलच्या काचेवरून तो हवा तसा मिळत नाही.

विद्युतचुंबकीय पट्टीची जुनी सुरक्षा अजून असेल तर ध्वनिफितींसारखे चुंबकीय साहित्य तिच्या निष्प्रभ करणाऱ्या पट्ट्यावर ठेवू नये, त्यातले ध्वनिमुद्रण बिघडते. एसआयपी-२ च्या उत्तरात "चुंबकीय माध्यम आहे का" यासाठी एक जागा राखलेली आहे ती याचसाठी. प्रणालीत साहित्याचा प्रकार नीट भरलेला असला तरच ती उपयोगी पडते.

आता नकाराबद्दल. इथे आमचा सूर थोडा चढला तर समजून घ्या. कित्येक यंत्रे कोणत्याही अडचणीला एकच वाक्य दाखवतात : "कृपया काउंटरवर संपर्क साधा." वाचक काउंटरवर येतो, रांग लागते आणि ज्यासाठी यंत्र घेतले तेच फसते. खरे पाहता यंत्राला कारण माहीत असते. सभासदाची स्थिती विचारली की सर्व्हर उत्तरात १४ जागांची एक पट्टी पाठवतो. प्रत्येक जागेचा अर्थ ठरलेला आहे : पुस्तक घेण्याची परवानगी नाही, मुदतवाढीची परवानगी नाही, कार्ड हरवल्याची नोंद आहे, मर्यादेइतकी पुस्तके आधीच घेतली आहेत, मुदत संपलेली पुस्तके फार आहेत, थकीत दंड जास्त आहे, वगैरे. ज्या जागेवर वाय हे अक्षर, ते कारण. ही पट्टी वाचून वाचकाला सरळ सांगता येते की तुमच्याकडे आधीच मर्यादेइतकी पुस्तके आहेत, किंवा थकीत दंड भरल्यावर पुढचे पुस्तक मिळेल. सविस्तर माहितीच्या ६४ क्रमांकाच्या उत्तरात घेतलेल्या पुस्तकांची संख्या असते आणि प्रणाली देत असेल तर मर्यादाही. म्हणजे "तुम्ही आणखी २ पुस्तके घेऊ शकता" हे वाक्य सुरुवातीलाच दाखवता येते. वाचकाला पाच पुस्तके निवडून पॅडवर मांडल्यावर नकार ऐकायला लावण्यात काय हशील?

पुस्तकाकडून येणाऱ्या नकाराचे कारण या पट्टीत नसते. ते १२ क्रमांकाच्या उत्तरातल्या एएफ या क्षेत्रात मजकूर म्हणून येते आणि तो मजकूर आपली प्रणाली तयार करते. मूळचे वाक्य बहुधा इंग्रजीत आणि तुटक असते. ते बदला. पुस्तक दुसऱ्या सभासदासाठी राखून ठेवलेले आहे, फक्त बसून वाचायचे आहे, संचातला एक भाग कमी आहे, ही तीन कारणे वेगवेगळ्या शब्दांत यायला हवीत, कारण तिन्हींत वाचकाने पुढे करायचे ते वेगळे आहे. राखीव पुस्तक त्याने काउंटरवर द्यावे, संदर्भग्रंथ टेबलावर ठेवावा, संचाचा उरलेला भाग कपाटात शोधावा. नकाराच्या वाक्यात पुढची कृती नसेल तर ते वाक्य अर्धवटच.

एक नकार मात्र पूर्णपणे आपला दोष असतो : पुस्तक कपाटात आहे आणि यंत्र म्हणते की ते आधीच्या सभासदाच्या नावावर आहे. परतीच्या पेटीतले पुस्तक नोंद न करता कोणीतरी कपाटात लावलेले असते. अशा वेळी काही प्रणाल्या नकार देतात, काही आधीची नोंद बंद करून नवी करतात. दुसरा पर्याय सेटिंगने निवडता येत असेल तर निवडा. पुस्तक या वाचकाच्या हातात आहे, म्हणजे ते परत आलेले आहे, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

जाळे पूर्ण तुटल्यावर यंत्राने काय करायचे, हेही आधी ठरवा. काही यंत्रे व्यवहार साठवून ठेवतात आणि जोडणी आल्यावर "अडवू नका" या खुणेसह पाठवतात. त्या खुणेचा अर्थ असा की पुस्तक दिले गेले आहे, सर्व्हरने आता नाकारून उपयोग नाही. सोयीचे आहे, पण त्या काळात हरवलेल्या कार्डावरही पुस्तके जातात. गर्दीचे ग्रंथालय असेल तर आम्ही ही सोय ठेवू. लहान असेल तर बंद ठेवून काउंटरवरची वही वापरू.

लिपीचा प्रश्न मराठी पुस्तके असलेल्या प्रत्येक ग्रंथालयात येतोच. पडद्यावर शीर्षकाऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. पुस्तकाच्या नोंदीत सहसा काही बिघडलेले नसते, सर्व्हर आणि यंत्र वेगवेगळ्या अक्षरसंकेतांत बोलत असतात. दोन्ही बाजूंना यूटीएफ-८ हाच अक्षरसंकेत ठेवायला सांगा. कोहासारख्या ग्रंथालय प्रणालीत हे प्रत्येक यंत्राच्या एसआयपी खात्यासाठी स्वतंत्रपणे ठरवता येते, त्यामुळे एक यंत्र नीट आणि शेजारचे प्रश्नचिन्हांत, असेही होते. पडदा सुधारला तरी पावती सुधारेलच असे नाही. बऱ्याच पावतीछपाई यंत्रांत देवनागरी अक्षरे नसतातच, जोडाक्षरे जुळवणे तर दूरच. उपाय एकच : पावती चित्र म्हणून छापायला पाठवणे. किंचित हळू छापते, पण वाचता येते.

पावतीचा कागद उष्णतेने काळा होणारा असतो आणि लेप एकाच बाजूला असतो. रोल उलटा बसवला की पावती कोरी निघते. कोणती बाजू बरोबर हे पाहायला नखाने ओढा, लेपाच्या बाजूला काळी रेघ उमटते. ही पावती उन्हात किंवा गाडीत पडली तर परतीची तारीख दिसेनाशी होते, म्हणून ईमेलचा पर्याय पहिला आणि कागदाचा दुसरा ठेवा. पावतीवर पूर्ण नाव आणि पूर्ण सभासद क्रमांक छापू नका. यंत्राशेजारच्या टोपलीत पावत्या पडतात, आणि कोण काय वाचतो हे त्या टोपलीत सापडता कामा नये. शेवटचे तीन आकडे पुरे.

खासगीपणाचे बाकीचे दोन मुद्दे छोटे आहेत, पण टाळण्यासारखे नाहीत. वाचक "संपवा" न दाबता गेला तर खाते किती वेळ उघडे राहते? वीस सेकंदांनी विचारणा आणि पुढच्या दहा सेकंदांत बंद, हे आम्हाला योग्य वाटते. मात्र पॅडवर पुस्तक असेपर्यंत मोजणी थांबलेली असावी, नाहीतर हळू चालणाऱ्या हातांवर अन्याय होतो. दुसरे, एसआयपी-२ चे मूळ १९९३ साली ३एम कंपनीने आणलेल्या संदेशपद्धतीत आहे आणि त्यात संदेश उघड मजकूर म्हणून जातात. पिनसुद्धा. यंत्र आणि सर्व्हर यांच्यामध्ये सांकेतिक बोगदा, म्हणजे संदेश कुलूपबंद करून नेणारी जोडणी, हवाच, विशेषतः सर्व्हर इमारतीबाहेर असेल तर. वाचकांना दिलेल्या वायफायच्या जाळ्यावर यंत्र ठेवणे तर सरळसरळ निष्काळजीपणा.

यंत्र कुठे आणि किती उंचीवर ठेवायचे? बसून वापरणाऱ्याला लागणारी मापे ठरलेली आहेत. अमेरिकेच्या २०१० च्या सुलभता मानकांत हात पोहोचण्याची मर्यादा जमिनीपासून ३८० ते १२२० मिलिमीटर धरली आहे, आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे गुडघे आत जावेत म्हणून किमान ६८५ मिलिमीटर उंच आणि ७६० मिलिमीटर रुंद मोकळी जागा. कुठल्याही देशातली माणसे याच मापांच्या आसपास असतात, तेव्हा टेप घेऊन मोजा. पॅडच नाही, पावती निघण्याची फट आणि कार्ड धरण्याची जागाही या मर्यादेत हवी. न दिसणाऱ्या वाचकासाठी नुसता स्पर्शपडदा ही भिंत असते. इअरफोनची जागा, बोलणारा मेनू आणि बोटांना कळणारी बटणे नसतील तर त्या वाचकासाठी काउंटर सुरूच ठेवावा लागेल, आणि तिथे थांबावे लागले तर तो वाचकाचा हट्ट समजू नये. यंत्र खिडकीच्या समोर ठेवू नका, पडद्यावर उजेड पडून काही दिसत नाही आणि स्कॅनरही चुकतो. कर्मचाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात मात्र ठेवा.

शेवटचा हप्ता देण्याआधी पुढील परीक्षा आपल्या ग्रंथालयात, आपल्या पुस्तकांवर घ्या. आठ पातळ पुस्तके एकावर एक ठेवून सगळी वाचली जातात का. पाच पुस्तके ठेवून पहिले शीर्षक दिसताच दोन उचलायची, यंत्र त्या दोघांबद्दल काय सांगते. पॅडपासून हातभर अंतरावर एक पुस्तक धरायचे, ते चुकून नोंदले जाते का. व्यवहार चालू असताना जाळ्याची तार काढायची, पडद्यावर काय येते आणि तार परत लावल्यावर खात्यात काय दिसते. मुदत संपलेले कार्ड, दंड थकलेले कार्ड आणि मर्यादा गाठलेले कार्ड, तिन्हींना वेगळे उत्तर मिळते का. प्रत्येक परीक्षेत पुस्तक हातात घेऊन गेटमधून चालत जायचे. गेटपर्यंत न गेलेली चाचणी आम्ही चाचणी मानत नाही.

रोज सकाळी दार उघडण्याआधी याचेच लहान रूप करता येते. एक ठरलेले पुस्तक घ्यायचे, यंत्रावर नोंदवायचे, गेटमधून न्यायचे, गेट गप्प राहिले पाहिजे. मग परत नोंदवून पुन्हा न्यायचे, आता ते वाजले पाहिजे. सोबत रोल किती उरला आहे ते पाहायचे आणि स्कॅनरची काच कोरड्या मऊ कापडाने पुसायची. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते कोणाचे, हे नावानिशी ठरलेले हवे. सगळ्यांचे काम असले की ते राहून जाते.

आणि एक मागणी करारात घाला : यंत्राची व्यवहारनोंद, म्हणजे लॉग, पुरवठादाराला फोन न करता ग्रंथपालांना उघडता आली पाहिजे. त्यात सभासद क्रमांक झाकलेले असावेत आणि जुन्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जाव्यात. आठवड्यातून एकदा ती उघडून नकारांची कारणे मोजा. "अनोळखी पुस्तक" जास्त दिसले तर टॅग आणि क्रमांक तपासा. टॅगवर लिहिणे पुन्हा पुन्हा फसत असेल तर हिरवी खूण उमटण्याची वेळ आणि टॅगच्या जागा तपासा. "मर्यादा पूर्ण" हेच वारंवार येत असेल तर यंत्रात काहीच बिघडलेले नाही. मग समितीच्या पुढच्या बैठकीत पुस्तकांच्या मर्यादेचा विषय घ्यावा, ही विनंती.

आपले,
देवघेव विभागातील कर्मचारी आणि यंत्रजोडणी करणारे तंत्रज्ञ